राखेवरची चार बोटं

आधीच सांगून टाकते — माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आयुष्यभर मुलींना गणित शिकवलं. अंगात येणं, नजर लागणं, कुणाच्या तरी मावशीला पिंपळाखाली दिसलेली बाई... हे ऐकलं की मला जांभई येते. या धाग्यावरचे अनुभव माझी नात मला वाचून दाखवते, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा मी मध्येच झोपते. तेव्हा माझ्याकडून पैंजण आणि पांढऱ्या साडीची अपेक्षा ठेवू नका. माझ्या गोष्टीत एक मांजर आहे, तिची शी-शूची पेटी आहे आणि एक साखरेचा डबा आहे.

आठवायचं कारणही मांजरच. नातीनं पुण्यात मांजर पाळलंय आणि त्याच्यासाठी ऑनलाइन झाकणवाला लिटर ट्रे मागवलाय. प्लॅस्टिकचा, पुढे हलणारं दार. मांजर त्यात जाईना. दारापाशी जायचं, हुंगायचं आणि पोट जमिनीला घासत मागे सरकायचं. नात इंटरनेटवर वाचून वाचून थकली. मी म्हटलं, आधी झाकण काढ. उघड्यावर जाऊ दे. मग झाकण विटांवर ठेव, हळूहळू खाली आण. दार सगळ्यात शेवटी लाव, आणि ते आत जात असताना त्याच्या तोंडाकडे बघत बसू नकोस. ती म्हणाली, "आजी, तुमच्या वेळी लिटर ट्रे होते?"

नव्हते. पण माझ्याकडे होता. मी सांगायला लागले आणि ती टाइप करायला लागली. मध्ये इंग्रजी शब्द आले तर ते तिचे समजा.

गाव उज्जैन. साल छप्पन्न, मध्य भारत मोडून मध्यप्रदेश झाला ते. त्या वर्षी आमच्याकडच्या नोकरदार मराठी घरांत एकच विषय होता — भोपाळ. राजधानी तिकडे, म्हणून दफ्तरं तिकडे, म्हणून माणसं तिकडे. माझे यजमान कारकून. त्यांना फायलींच्या पेट्यांबरोबरच रवाना केलं. तिथे राहायला जागा नाही, कुणाच्या तरी व्हरांड्यात पथारी टाकून झोपत होते. क्वार्टर मिळालं की तुम्हाला नेतो, म्हणाले. ते कधी मिळणार हे सरकारलाही ठाऊक नव्हतं. मुलंबाळं अजून नव्हती. मी माधवनगरातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले. सकाळी मुलींची शाळा, आणि उरलेला सगळा दिवस मामंजी.

मामंजी म्हणजे माझे सासरे. आमचे लोक शिंदेशाहीत इकडे आले ते इकडचेच झाले. मामंजी रियासतीच्या दफ्तरात मोडी लिहायचे. रियासत गेली, मोडी गेली, आणि मग अर्धांगाचा झटका आला त्यात उजवा हातही गेला. एक पाय ओढत, माझ्या खांद्यावर भार टाकून ते न्हाणीपर्यंत जायचे, बाकी वेळ खाटेवर. माणूस उंचापुरा होता. त्यांना उठवून बसवलं की माझ्या कमरेत कळ यायची ती शाळेतल्या पहिल्या तासापर्यंत राहायची. त्या वर्षीचं मला मुख्यतः हेच आठवतं... मी दमलेली असायचे. भूत समोर येऊन उभं राहिलं असतं तरी मी म्हटलं असतं, उभंच आहेस तर जरा भांडी विसळून घे.

माझ्या सासूबाई त्याच वर्षी पावसाळ्यात गेल्या. ताप आला आणि आठवडाभरात, घरातच गेल्या. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

मामंजींना मधुमेह होता आणि जीभ गोडाला चटावलेली. सासूबाई जरा बाहेर गेल्या, देवळात किंवा कुणाकडे हळदीकुंकवाला, की हे साखरेच्या डब्यात हात घालणार. म्हणून त्या बाहेर पडण्याआधी डब्यातली साखर हातानं सपाट करायच्या आणि तिच्यावर उजव्या हाताची चार बोटं ओढून खूण करायच्या. खूण मोडली की चोरी पकडली. तशी पुष्कळ बायका तुपावर नाहीतर पिठावर करतात. पण सासूबाईंच्या खुणेची नक्कल कुणाला जमायची नाही. लहानपणी जात्यात सापडून त्यांची करंगळी मोडली होती आणि ती बाहेर वळून तशीच जुळली. त्यामुळे तीन रेघा सरळ आणि चौथी, उजवीकडची, मध्येच फाटा फुटल्यासारखी बाजूला जायची. मामंजींनी मोडीत जन्म घालवलेला. हिंडते-फिरते होते तेव्हा ते उजव्या हातानं, डाव्या हातानं, काडीनं, नाना तऱ्हेनं ती खूण परत काढून बघायचे. जमायची नाही. मग सासूबाई घरी आल्या की दोघांचं भांडण, आणि मग हसणं. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, ही काय म्हातारपणाची थेरं. नंतर कळलं की त्यांचा संसार बराचसा त्या डब्यातच होता.

आजारी पडल्या त्या दिवशीही त्यांनी खूण केली होती. गेल्यावर मामंजींनी तो पितळी डबा खाटेसमोरच्या फडताळात ठेवायला लावला. त्यातली साखर कुणी घ्यायची नाही. पावसाळी हवेनं साखर दमट होऊन घट्ट बसली होती, त्यामुळे रेघा तशाच राहिल्या. मधूनमधून ते म्हणायचे, "जरा उघड." मी झाकण काढून डबा त्यांच्यासमोर धरायचे. बघायचे आणि म्हणायचे, "बस झालं, ठेव."

आमच्याकडे एक रीत आहे, तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. माणसानं जिथे प्राण सोडला तिथे दिव्यापाशी पीठ सारखं करून पसरतात आणि त्यावर टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलून बघायचं... पिठावर काय उमटलंय. पाखराचा पाय, गाईचं खूर, बाळाचं पाऊल. गेलेला जीव पुढे कुठे गेला ते त्यावरून ओळखायचं. सासूबाईंच्या वेळी यजमानांनी टोपली उचलली, तर पीठ जसंच्या तसं. एक ओरखडा नाही. गुरुजींना आनंद झाला. म्हणाले, मुक्ती मिळाली, बाईंना परत यायचं कारणच उरलं नाही. सगळ्यांनी हात जोडले.

 पण त्या दिवसापासून मामंजींचं जेवण सुटलं. दोन घास, फार तर तीन. चहा बंद. डॉक्टर आले, बघून मला बाहेर घेऊन म्हणाले की दुखणं तसं काही वाढलेलं नाही, त्यांच्या मनातच जगायचं नाही. असंच चाललं तर थंडी निघणार नाही.

ते दोन घास तरी जायचे ते ठमीमुळे. ठमी ही सासूबाईंची मांजरी. करडी, बारीक, एक कान जरा कुरतडलेला. मामंजी आधी तिला भरवायचे, मग स्वतः खायचे. माझ्याशी दिवसभरात "हो" आणि "नको" बोलायचे. ठमीशी मात्र हळू आवाजात काहीबाही चाललेलं असायचं. ती त्यांच्या मेलेल्या उजव्या हाताला पाठ लावून झोपायची. मला कधीकधी तिचा रागही यायचा, तोंडदेखले का होईना पण माझ्याशी कुणी दोन शब्द बोलावेत असं वाटायचं.

ठमी मुळातच भित्री, सासूबाई गेल्यावर तर सावलीलाही दचकायला लागली. पूर्वी ती मागच्या मोकळ्या प्लॉटवर जाऊन यायची. त्या प्लॉटवर कुणाच्या तरी बंगल्याचा पाया खणायला घेतला. मजूर, कुदळी, आणि भाकऱ्यांच्या वासानं जमलेली कुत्री. ठमीनं बाहेर जाणंच सोडलं. मग एकदा तांदळाच्या पोत्यामागे, एकदा माझ्या शाळेच्या वह्यांवर... आणि एकदा घरमालकिणीच्या जिन्याच्या पायरीवर.

घरमालकीण वरच्या मजल्यावर राहायच्या. सगळे त्यांना काकीजी म्हणत. बाई वाईट नव्हत्या. मामंजींच्या आजारात त्यांनी मला पुष्कळ सांभाळून घेतलं. पण त्यांच्या देवाचं सोवळ्यातलं पाणी विहिरीवरून आमच्या बोळातूनच वर जायचं. त्या पायरीजवळ उभ्या राहून मला म्हणाल्या, "देखो बहू, ठाकुरजी का पानी इसी रास्ते से जाता है. रोज-रोज की गंदगी मुझसे नहीं होगी. पूनम तक देखती हूँ, फिर बोरे में भरवा के नदी पार छुड़वा दूँगी."

मी म्हटलं, "काकीजी, बाबूजी उसी के साथ खाना खाते हैं."

"तो बाबूजी को समझाओ. और गंदगी करनी ही है तो ढँक के करे, दिखे नहीं, बास न आए."

म्हणजे पेटी झाकलेली हवी, ही अट माझी नव्हे, काकीजींची.

घासलेटचा रिकामा डबा आडवा कापून घेतला. चुलीतली राख चाळली आणि त्यात भरली. किराणा दुकानातून देवदारी खोकं आणलं, सुताराकडून त्याला एका बाजूला मांजर जाईल एवढं भोक पाडून घेतलं. बोळातल्या कोपऱ्यात, मामंजींच्या खाटेवरून दिसेल असा डबा खाली, खोकं त्यावर पालथं. भोकाला पडदा म्हणून भैरवगढच्या छाप्याची सासूबाईंची जुनी चादर फाडून लावली. वाटलं, तिला त्यांचा वास येईल, बरं वाटेल. ठमी आली, पडद्याला अंग घासलं, तो दातांनी ओढून काढला आणि त्यावर झोपली. मामंजी खाटेवरून बघत होते. तोंडाचा कोपरा जरासा हलला असेल, नसेलही.

मग मी ठरवलं की हे शिकवायचं कसं ते मला येतं. ज्या मुलीला भागाकार येत नाही तिला आधी बेरजेवर न्यायचं. खोकं काढून ठेवलं. नुसता राखेचा डबा, बोळातल्या त्याच कोपऱ्यात. तांदळाच्या पोत्यामागची घाण उचलून थोडी त्या राखेत टाकली, म्हणजे जागा कुठली ते तिला कळेल. दोन-चार दिवसांत ठमी तिथे जायला लागली. मग खोकं डब्याशेजारी नुसतं आणून ठेवलं. ती दचकली, मग विसरली. मग खोकं विटांवर, उंच, डब्याच्या वर मांडव घातल्यासारखं. मान खाली घालून गेली. रोज एकेक वीट काढत गेले. शाळेतून आल्यावर, मामंजींना पुसून, कपडे बदलून, स्वयंपाक उरकून मग ही वीट काढायची. मांजरीच्या मोरीची एवढी सेवा मी माहेरी पाहुण्यांचीही केली नसेल.

शेवटच्या विटेपर्यंत सगळं नीट झालं. वीट काढली, खोकं जमिनीला टेकलं, आणि ठमी आत जाईना.

भोकाशी यायची. मान लांब करायची, मिशा पुढे. मग एकदम कान पाडून मागे. मी खोक्याच्या मागल्या बाजूलाही भोक पाडलं, की अडकल्यासारखं वाटू नये. मासळीचं डोकं काकीजींना कळू न देता पैदा केलं आणि आत ठेवलं. ते तिनं पंजानं ओढून बाहेर आणून खाल्लं. उचलून आत घातली, तर माझा हात कोपरापर्यंत ओरबाडला. परत वीट लावली तर आता विटेसकटही जाईना. दिवसभर पोट धरून खाटेखाली बसायची. पूनम जवळ येत चालली होती.

रोज संध्याकाळी मी उलथन्यानं राख सपाट करायचे, खोकं पालथं घालायचे. रोज सकाळी शाळेला निघायच्या आधी उचलून बघायचे. राख सपाटच.

अशीच एका सकाळी उचलत होते, तर मामंजी खाटेवरून बोलले. कितीतरी दिवसांनी माझ्याशी अख्खं वाक्य बोलले. म्हणाले, "टोपली उचलावी तसं उचलून राहिलीस."

माझे हात थांबले. खरंच तसंच होतं ते. सपाट केलेलं काहीतरी, वर पालथं झाकण, आणि सकाळी वाकून बघणारी मी.

"काही नाही ना?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"नसणारच." थोड्या वेळानं म्हणाले, "तिला काय, मुक्ती मिळाली. सारी उमर त्या डब्यावर बोटं ओढली. आणि जाताना पिठावर एक रेघ नाही. मी इथे पडलोय हे तरी ध्यानात ठेवायचं."

मला तेव्हा कळलं की माणूस रुसला होता. मेलेल्या बायकोवर रुसून बसला होता, आणि ज्यानं समजूत काढायची ते माणूसच राहिलं नव्हतं. मला रडू आलं. शाळेला उशीर होत होता म्हणून पदरानं तोंड पुसलं आणि गेले.

पूनमेच्या सकाळची गोष्ट. उन्हं बोळात आली होती. आदल्या संध्याकाळी मी नेहमीसारखी राख सपाट करून खोकं पालथं घातलं होतं, बोळाच्या दोन्ही दारांना आतून कड्या होत्या. वर काकीजींच्या तांब्या-घागरींचा आवाज येत होता. त्यांचा गडी पोतं घेऊन येणार हे मला ठाऊक होतं, आणि मी मामंजींना अजून काही सांगितलं नव्हतं. कसं सांगायचं तेच सुचत नव्हतं. तशीच वाकले आणि खोकं उचललं.

राखेवर चार रेघा होत्या.

तीन सरळ. चौथी, उजवीकडची, मध्येच वळून बाहेर गेलेली.

खोकं माझ्या हातातच होतं. भीती वाटली नाही. पहिल्यांदा आला तो रागच. वाटलं, मामंजी उठले, कसेबसे भिंत धरून आले आणि हा खेळ केला. पडले असते म्हणजे? मी तिथूनच म्हटलं, "मामंजी, तुम्ही उठला होतात का? मला हाक का नाही मारली?"

"कुठे उठलो?"

"मग हे राखेत कुणी केलं?"

"काय केलं?" आणि मग माझ्या तोंडाकडे बघून, "इकडे आण."

हा माणूस जन्मभर सोवळ्यात जेवलेला. मांजरीचा राखेचा डबा त्यानं खाटेवर आणायला लावला. मी तो दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर धरला. ते वाकले. डावा हात रेघांच्या वर नेला, लावला नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांना वाटत होतं मी केलंय, मला वाटत होतं त्यांनी केलंय, आणि हळूहळू दोघांनाही कळलं की दुसऱ्यानं केलेलं नाही.

"तो डबा काढ," ते म्हणाले. "ताडून बघू."

मी राख खाली ठेवली, हात पुसले आणि फडताळातून साखरेचा डबा काढला. दोनच दिवसांपूर्वी त्यांनी तो उघडायला लावला होता. रेघा मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. झाकण घट्ट बसलं होतं, काढायला जोर लावावा लागला.

आत साखर सपाट होती. तळहातानं सारखी करावी तशी, काठापासून काठापर्यंत. चार रेघांतली एकही नव्हती.

मामंजींनी डाव्या हातानं डबा जवळ ओढून आत पाहिलं. मग त्यांच्या गळ्यातून आवाज आला आणि मला वाटलं परत झटका आला. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होते.

"पहारा उठवला," म्हणाले. "साखरेवरचा पहारा उठवला आणि राखेवर नेऊन बसवला. अगं वेडे... राख कोण खाणार होतं."

तेवढ्यात खाटेखालून ठमी बाहेर आली. सरळ राखेच्या डब्यापाशी गेली, काठावर पुढचे पाय ठेवून हुंगलं, आणि मान वर करून आमच्याकडे बघत बसली. तिला घाई होती हे उघड दिसत होतं. पण त्यात ती खूण. माझ्याच्यानं डबा उचलवेना. म्हटलं, "मामंजी, ही राख ठेवून देऊ का? दुसरी भरते."

त्यांनी राखेकडे पाहिलं, मग ठमीकडे. किती जिवावर आलं असेल त्यांच्या, ते मला दिसत होतं.

"नको," म्हणाले. "आहे तीच ठेव तिला. माझं बघून झालं."

मी डबा कोपऱ्यात नेऊन ठेवला आणि खोकं पालथं घातलं. ठमी माझ्या मागोमाग आली. भोकाशी थांबली, डोकं जरासं वर करून, एखादं माणूस दार उघडून धरतं तेव्हा त्याच्याकडे बघावं तसं बघितलं आणि आत गेली. आतून राख उकरल्याचा आवाज यायला लागला. मामंजी डोळे मिटून ऐकत होते.

आवाज थांबला तेव्हा म्हणाले, "मोडली." आणि मग, "चहा टाक. साखर घालून."

मी म्हटलं, "मामंजी, डॉक्टरांनी—"

"एक चमचा. त्या डब्यातली."

घातली. दमट झालेली, जुनी साखर, विरघळता विरघळेना. कप डाव्या हातानं धरून त्यांनी सगळा चहा प्यायला, आणि दुपारी अख्खी पोळी खाल्ली. मी त्या दिवशी शाळेला गेलेच नाही. पोतं घेऊन गडी आला, त्याच्या मागून काकीजी आल्या. त्यांनी नाकाला पदर लावून बोळात वाकून पाहिलं, खोक्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, "अब ठीक है. बास नहीं है." गडी रिकामं पोतं घेऊन परत गेला. इतके दिवस मी जिच्यासाठी जिवाचं रान केलं ती ठमी पायरीवर बसून अंग चाटत होती.

आता तुम्ही विचाराल ते सगळं मी स्वतःला विचारून झालंय. मामंजींचा हात म्हणाल, तर त्यांचा एकच हात चालत होता, तो डावा. डाव्या हाताची करंगळी दुसऱ्या बाजूला येते. शिवाय ते इतकी वर्षं धडपडूनही त्यांना ती खूण जमली नव्हती. माझं म्हणाल, तर मी दमलेली होते, झोपेत केलं असेल, हेही धरून चालू. पुढे किती वेळा राख पसरून मी चार बोटं ओढून बघितली. करंगळी मुद्दाम वळवली तर रेघ वाकते, पण ती वळवल्यासारखीच वाकते, मोडल्यासारखी नाही. घराला आतून कड्या. यजमान भोपाळला व्हरांड्यात झोपलेले. आणि साखर? दमट साखरेचा घट्ट बसलेला थर असा आपोआप सपाट कसा होईल... मला आजतागायत सांगता आलेलं नाही. यजमानांना सांगितलं तर ते म्हणाले, "तुला विश्रांती हवी आहे." ते खरंच होतं, पण ती द्यायला कुणी नव्हतं.

ठमी पुन्हा कधी अडली नाही आणि राखेवर पुन्हा कधी काही उमटलं नाही. भोपाळला क्वार्टर मिळालं तेव्हा ते खोकंही आमच्याबरोबर गेलं. मामंजींनी ती थंडी निभावली, त्यापुढच्याही कितीतरी निभावल्या. पुढे ठमी गेली आणि तिच्या मागून काही वर्षांनी मामंजी गेले, झोपेत, शांतपणे.

यजमानांनी रीतीप्रमाणे पीठ पसरून टोपली पालथी घातली. सकाळी सगळे जमले, टोपली उचलली. पीठ जसंच्या तसं. गुरुजी म्हणाले, मुक्ती मिळाली. सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले. मला त्याचं काही वाटलं नाही. खूण करायची सवय सासूबाईंना होती. मामंजींनी कधी केली नव्हती, ते नुसते मोडायचे.

मग मी पाहुण्यांच्या चहासाठी स्वयंपाकघरात गेले आणि साखरेचा डबा उघडला. तोच पितळी डबा, आदल्या दिवशी मी स्वतः काठोकाठ भरलेला. साखरेत डावीकडे एक खळगा होता. चमच्याचा नव्हे. दोन बोटं घालून चिमूट उचलल्याचा.

घर माणसांनी भरलेलं होतं, पोरंटोरं होती. असेल कुणाचं तरी काम. मी कुणाला विचारलं नाही. चहा केला, सगळ्यांना दिला. मग परत येऊन साखर हातानं सपाट केली आणि झाकण लावायच्या आधी तिच्यावर चार बोटं ओढली.

चारही रेघा सरळ आल्या.